वडिलांचा धर्म आणि मुलाची श्रद्धा

आमच्या घरीं सायंकाळीं साडेसात वाजतां प्रार्थना होते. बैठकीच्या खोलींत सतरंजी पसरली जाते, 'उपासना संगीता'तील एखादें गीत होतें, पवित्र शास्त्रांतील एक अध्याय आळीपाळीनें वाचला जातो, आणि शेवटीं घरांतील वडील माणूस चार शब्दांत त्या दिवसाचा हिशेब देवापुढें ठेवितें. सगळा प्रकार फार तर वीस मिनिटांचा. ज्या वाचकांच्या घरीं तिन्हीसांजेस देवाजवळ दिवा लागतो व मुलें हात जोडून उभीं राहतात, त्यांना या चित्रांत अनोळखी असें फारसें कांहीं आढळणार नाहीं. ही रीत आमच्या पणजोबांनीं घालून दिली. आजोबांनीं ती चालविली. वडिलांनीं शेवटच्या दुखण्यांत, बसवत नव्हतें तेव्हां उशीला टेकूनही, ती मोडूं दिली नाहीं. चौथ्या पिढींत ती आमच्याकडे आली, आणि पांचवीकडे ती अशीच सहज जाईल असें आम्ही गृहीत धरून चाललों होतों.

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या थोरल्या मुलानें हा समज खोटा ठरविला. मुलगा अठरा वर्षांचा. महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षांत शिकणारा. स्वभावानें शांत, कोणाशीं उद्धटपणें बोलणारा नव्हे. सतरंजी पसरली जात असतां तो आमच्याजवळ येऊन उभा राहिला व म्हणाला, "बाबा, मी आजपासून प्रार्थनेला बसणार नाहीं."

"कां?" आम्हीं विचारलें.

"मला तें खरें वाटत नाहीं. आणि खरें वाटत नसतां नुसते डोळे मिटून बसणें म्हणजे खोटें बोलण्यासारखेंच आहे. खोटें बोलूं नये हें तुम्हींच शिकविलें."

आम्ही पंचवीस-तीस वर्षें महाविद्यालयांत शिकवीत आलों. विद्यार्थ्यानें गुरूचेंही मत पारखल्यावांचून स्वीकारूं नये, हा उपदेश आम्हीं दर वर्षीं जून महिन्यांत नव्या वर्गास न चुकतां केला आहे. परंतु वर्गांतला अध्यापक आणि घरांतला बाप हीं एकाच देहांत राहणारीं दोन माणसें असावींत असें त्या क्षणीं दिसून आलें. कारण आमच्या तोंडून उत्तर गेलें तें असें: "या घरांत राहावयाचें असेल तर या घराची रीत पाळली पाहिजे."

कोपऱ्यांत आमच्या मातोश्री पदरानें चष्मा पुसत बसल्या होत्या. त्यांनीं मान वर न करितांच म्हटलें, "अरे, हेंच वाक्य तुझ्या पणजोबांना त्यांच्या वडिलांनीं ऐकविलें होतें. म्हणून तर आपण आज येथें बसलों आहों."

त्या सायंकाळीं प्रार्थना झाली. मुलगा बसला नाहीं. आम्हीं अध्याय वाचला खरा, परंतु कोणता वाचला हें नंतर कोणी विचारलें असतें तर आम्हांस सांगतां आलें नसतें.

आमचे पणजोबा नगर जिल्ह्यांतील एका खेड्यांतले. त्यांची जात कोणती हें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. अमेरिकन मराठी मिशननें १८३१ सालापासून नगरास आपलें ठाणें केलें होतें व खेडोपाडीं शाळा काढल्या होत्या. तशा एका शाळेंत पणजोबांस अक्षरओळख झाली. पुढें शुभवर्तमान हातीं आलें, आणि विशी उलटण्याच्या आंत त्यांनीं नगरास जाऊन बाप्तिस्मा घेतला. घरीं परत आले तेव्हां वडिलांनीं दारांत उभें राहून तें एक वाक्य उच्चारलें. पणजोबा वळले ते पुन्हां त्या दारीं गेले नाहींत. पुढें आईच्या मरणाची वार्ता त्यांना चौथ्या दिवशीं कळली; ते गांवच्या शिवेपर्यंत गेले आणि तेथूनच परतले.

ही हकीकत आमच्या घरीं नाताळांत, करंज्या तळल्या जात असतां, आजीच्या तोंडून आम्हीं कितीदां तरी ऐकली. ती शौर्याची कथा म्हणून सांगितली जाई आणि आम्हीही ती तशीच ऐकत असूं. सत्यासाठीं घरदार सोडणारा तो तरुण आमच्या डोळ्यांपुढें उभा राही. दारांत उभ्या राहिलेल्या त्याच्या बापाचा विचार आमच्या मनांत एकदांही आला नव्हता. तो गोष्टींतला खलपुरुष; त्याला चेहरा असण्याची गरज नव्हती. मातोश्रींच्या त्या बोलण्यानें आमची जागा एकाएकीं बदलली. आम्ही स्वतःस पणजोबांचे वंशज म्हणवीत होतों, आणि उभे मात्र त्यांच्या बापाच्या जागीं होतों. त्या रात्रीं आम्हीं मातोश्रींस विचारलें, त्या गृहस्थांचें पुढें काय झालें? त्या म्हणाल्या, "तें कोणीच सांगितलें नाहीं. त्यांचें नांवसुद्धां माझ्या सासूबाईंना ठाऊक नव्हतें."

प्रश्न असा आहे: ज्या श्रद्धेचा आरंभ बापाची आज्ञा मोडण्यानें झाला, ती श्रद्धा बापाच्या आज्ञेनें पुढें चालविण्याचा अधिकार आम्हांस कोठून आला?

हा प्रश्न एकट्या आमच्या घराचा नाहीं. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासांतील मोठीं नांवें आठवावींत. बाबा पदमनजींनीं १८५४ सालीं बाप्तिस्मा घेतला आणि आपल्या मनाचा तो प्रवास 'अरुणोदय' या आत्मचरित्रांत लिहून ठेविला. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं तेंच पाऊल टाकलें आणि त्यापायीं घरच्या माणसांस किती सोसावें लागलें तें लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळें महाराष्ट्रास ठाऊक आहे. पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून विचार करावयास लावणारी. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकमताविरुद्ध जाऊन पत्नीस व मुलीस संस्कृत शिकविलें. ज्या बापानें मुलीस स्वतः वाचण्याचें व विचार करण्याचें सामर्थ्य दिलें, त्याची मुलगी त्या सामर्थ्याच्या बळावर पुढें त्याच्या धर्माबाहेर गेली. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां दोन-अडीच वर्षांच्या मनोरमेचाही बाप्तिस्मा झाला. आईनें जें पुष्कळ वाचून व विचार करून स्वीकारलें तें मुलीच्या वांट्यास बोलतां येऊं लागण्याच्या वयांत आलें. पुढें मनोरमेच्या धर्मशिक्षणाचा अधिकार कोणाचा, यावर रमाबाई व त्यांच्या इंग्लंडांतील धर्मभगिनी यांच्यामध्यें पत्रांतून खडाजंगी झाली. स्वतःच्या बुद्धीचें स्वातंत्र्य प्राणापलीकडे जपणाऱ्या त्या विदुषीलाही, आई या नात्यानें, हा प्रश्न चुकला नाहीं.

पहिल्या पिढीची श्रद्धा ही निवड असते. तिच्यासाठीं किंमत मोजलेली असते. दुसऱ्या पिढीला ती किंमत निदान पाहिलेली असते. तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत श्रद्धेची रीत झालेली असते. आमचें नांव ख्रिस्ती, आमचा सण नाताळ, आमचीं लग्नें चर्चमध्यें, आमचीं माणसें मरतात तेव्हां त्यांच्यावर मातीही आमच्या दफनभूमींत पडते. यांतलें कांहींही आम्हीं निवडलेलें नाहीं. आम्हांस तें मिळालें. धर्मांतर करणाऱ्याचा नातू हा या दृष्टीनें त्याच्या सनातनी बापाच्याच जातीचा होतो: दोघांनाही धर्म वडिलार्जित मिळालेला, आणि दोघांनाही तो सोडणारा मुलगा कृतघ्न वाटतो.

पवित्र शास्त्रांतही याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. ज्या अब्राहामास यहुदी, ख्रिस्ती व मुसलमान हे तिन्ही समाज श्रद्धेचा मूळपुरुष मानतात, त्याला देवाची पहिली आज्ञा झाली ती बापाचें घर सोडण्याची. एली याजकाचे पुत्र बिघडले. त्याच्या घराण्याचा अंत होणार हें त्याला बाल शमुवेलानें सांगितलें. तोच शमुवेल म्हातारा झाला तेव्हां त्याचे स्वतःचे पुत्र लांच खाऊं लागले. दुसऱ्याच्या घराचा नाश ज्यानें लहानपणीं डोळ्यांनीं पाहिला, त्यालाही आपल्या मुलांच्या मनांत आपला देव घालतां आला नाहीं. शेतजमीन, घर, आडनांव हीं बापाकडून मुलाकडे कायद्यानें जातात. श्रद्धेचें तसें मृत्युपत्र करतां येत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, मग सरळ उपाय कां करूं नये? मुलांस धर्म शिकवूंच नये; वयांत आल्यावर तीं आपले आपण निवडतील. आमचे पुष्कळ स्नेही याच मताचे आहेत, व तें मत प्रामाणिक आहे. परंतु त्याचा प्रयोग पूर्वीं होऊन गेलेला आहे. जेम्स मिल हा तत्त्वज्ञ आरंभीं स्कॉटलंडांतील चर्चचा धर्मोपदेशक होण्यासाठीं शिकला होता. त्याची श्रद्धा उडाली आणि १८०६ सालीं जन्मलेल्या आपल्या मुलास त्यानें बुद्धिपुरःसर कोणताही धर्म शिकविला नाहीं. तिसऱ्या वर्षीं ग्रीक शिकविण्यास मात्र सुरुवात केली. तो मुलगा म्हणजे जॉन स्टुअर्ट मिल. त्याचें आत्मचरित्र १८७३ सालीं प्रसिद्ध झालें, त्यांत तो म्हणतो त्याचें तात्पर्य असें कीं, धर्म टाकून देण्याचा प्रसंग आपल्यावर आलाच नाहीं, कारण तो कधीं आपल्याजवळ नव्हताच. याला निवड म्हणावयाचें काय? बापानें श्रद्धा दिली नाहीं, अश्रद्धा दिली. वारसा तो वारसाच. आणि विसाव्या वर्षीं त्या मुलाच्या मनास जो ग्लानीचा काळ आला, त्यांतून बाहेर पडण्यास बापानें शिकविलेल्या सगळ्या विद्येंत त्याला आधार सांपडेना.

ज्या घरांत देवाचें नांव कधीं निघत नाहीं, तेथेंही मुलगा रोज कांहींतरी शिकत असतो. पैसा कशासाठीं जोडावा, कोणाच्या पुढें वांकावें, कोणाला दारांतच उभें करावें, मेलेल्या माणसाविषयीं काय बोलावें, हें तो जेवतां जेवतां शिकतो. आम्ही मुलांस मराठी शिकवितों तें त्यांची संमति घेऊन नव्हे. बापानें गप्प बसावें म्हटलें, तरी मौनालाही अर्थ असतो आणि मुलें तो बरोबर लावतात.

याच्या उलट टोकाचेंही एक उदाहरण इंग्रजी वाङ्मयांत आहे. फिलिप हेन्री गॉस हा प्राणिशास्त्रज्ञ. समुद्रकांठच्या बारीक जीवांचा अभ्यास करण्यांत त्यानें मोठें नांव मिळविलें. धर्मानें तो एका अत्यंत कडव्या पंथाचा होता. त्याचा मुलगा एडमंड सात वर्षांचा असतां आई वारली, आणि पुढें बापानें सगळें लक्ष त्या एका मुलाच्या आत्म्यावर केंद्रित केलें. मुलगा लंडनास नोकरीला गेला, तर तेथेंही बापाचीं पत्रें: आज शास्त्र वाचलेंस काय, मन कोठें भटकलें काय? मुलानें १९०७ सालीं 'फादर अँड सन' या पुस्तकांत हें सर्व लिहिलें. तें पुस्तक वाचतांना आम्हांस बापाचा राग आला नाहीं. त्याच्या प्रेमाची भीति वाटली. मुलाला गमाविण्याच्या भयानें त्यानें जें जें केलें त्यामुळेंच मुलगा त्याच्यापासून दूर गेला.

भयाचा विषय निघाला म्हणून एक कबुली देणें प्राप्त आहे. मुलानें नकार दिला त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. आपण नक्की कशास भितों, असें आम्हीं स्वतःस विचारून पाहिलें. देवाचा अवमान होईल म्हणून? देव आपला मान राखण्यास समर्थ आहे. मुलाचें अकल्याण होईल म्हणून? थोडेंसें तेंही. परंतु मनाचा तळ ढवळला तेव्हां वर आलें तें निराळेंच. रविवारीं चर्चमध्यें आमच्या शेजारची जागा रिकामी दिसेल. पाळकसाहेब कांहीं बोलणार नाहींत, पण बाकीचे विचारतील. चार पिढ्यांचें ख्रिस्ती घराणें आणि प्राध्यापकांचा मुलगाच येत नाहीं, असें लोक म्हणतील. म्हणजे जें आम्ही श्रद्धेचें रक्षण समजत होतों, त्यांत आमच्या अब्रूचा वांटा बराच मोठा होता. पणजोबांच्या बापानेंही गांवांत तोंड कसें दाखवूं, हाच विचार केला असेल.

एक गोष्ट मात्र आमच्या बाजूनेंही सांगितली पाहिजे. लहान समाजाची भीति अगदींच क्षुद्र नसते. जो समाज संख्येनें थोडा, त्याचा एक मुलगा दूर गेला तर टिळकांचीं गीतें म्हणणारा एक गळा कमी होतो, 'ज्ञानोदया'चे जुने अंक सांभाळणारें एक घर कमी होतें. रीत ही श्रद्धा नव्हे, हें खरें. पण म्हणून रीत तुच्छ नाहीं. पाण्याचा माठ वडील देऊं शकतात. त्यांत पाणी रोज ज्याचें त्यानेंच भरावें लागतें. परंतु माठच फोडून टाकला तर पुढें तहान लागेल तेव्हां पाणी आणावयाचें कशांत? तेव्हां रीत टिकावी ही इच्छा आम्ही सोडलेली नाहीं. आम्हीं सोडला तो एवढाच हट्ट कीं, आम्हीं दिलेला माठ भरलेलाच आहे असें मुलानें कबूल करावें.

मग बापाकडे उरतें काय? याचें उत्तर आम्हांस पुस्तकांत मिळालें नाहीं. तें एका क्षुल्लक प्रसंगांत मिळालें, आणि तो आम्हांस भूषणावह नाहीं.

त्या नकारास दोनएक महिने झाले असतील. एके दुपारीं आमचा मोबाईल वाजला. एक जुने स्नेही होते. आपल्या पुतण्याच्या अंतर्गत गुणांविषयीं ते भीड घालणार याचा आम्हांस सुगावा लागलेला होता. नाहीं म्हणण्याचें धैर्य होईना, हो म्हणणें शक्य नव्हतें. मुलगा जवळ बसला होता. त्याच्या हातीं फोन देऊन आम्ही हलक्या आवाजांत म्हणालों, "मी घरीं नाहीं म्हणून सांग."

मुलानें फोन कानाला लावला आणि सौम्यपणें म्हटलें, "काका, बाबा घरीं आहेत, पण त्यांना आत्तां बोलावयाचें नाहीं. उद्यां ते तुम्हांला फोन करतील." फोन खालीं ठेवून तो पुन्हां आपल्या पुस्तकाकडे वळला. आमच्याकडे त्यानें पाहिलेंसुद्धां नाहीं. पाहिलें असतें तर बरें झालें असतें.

जो प्रार्थनेस बसत नव्हता त्यानें आज्ञा पाळली होती, आणि जो रोज सायंकाळीं देवापुढें हिशेब ठेवीत होता त्यानें ती दुसऱ्याकडून मोडवूं पाहिली होती. खोटें बोलूं नये हें आम्हीं त्याला शिकविलें होतें, आणि तो तें खरोखर शिकला होता. मग आमचा वारसा त्याच्याकडे पोंचला नाहीं असें कसें म्हणावें? आमच्यापाशीं तो किती उरला होता, हाच प्रश्न अधिक अडचणीचा होता.

त्या दिवशीं सायंकाळीं हिशेब ठेवण्याची वेळ आली तेव्हां आम्हीं ती गोष्ट जशीच्या तशी सांगितली. पत्नी होती, मातोश्री होत्या, दहा वर्षांची मुलगी होती. बापानें आपली लबाडी मुलांपुढें मोठ्यानें उच्चारणें सोपें नसतें. सामान्यतः आम्ही आमचीं पापें मोघम शब्दांत कबूल करतों, म्हणजे तीं कोणाच्या लक्षांत येत नाहींत, देवाच्याही नाहीं असें आम्हांस वाटतें. मुलगा आपल्या खोलींत होता. दार लोटलेलें होतें, लावलेलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या स्नेह्यांस स्वतः फोन करून नकार दिला. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाहीं.

तेव्हांपासून शास्त्रांतील एका जागेकडे आम्ही निराळ्या नजरेनें पाहूं लागलों. 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायांत बापांना आज्ञा आहे कीं, घरीं बसतां, वाटेनें चालतां, निजतां, उठतां मुलांशीं देवाच्या वचनांविषयीं बोलावें. ही आज्ञा आम्हांस पाठ होती. पण त्याच अध्यायाच्या शेवटीं दुसरी गोष्ट आहे. पुढें केव्हां तरी तुझा मुलगा तुला विचारील कीं, या सर्वांचा अर्थ काय. तेव्हां त्याला सांग कीं, आम्ही मिसर देशांत दास होतों आणि देवानें आम्हांस सोडविलें. येथें मुलानें प्रश्न विचारावयाचा आहे हें धरूनच चाललें आहे. आणि उत्तर म्हणून बापानें सिद्धांत मांडावयाचा नाहीं; आपल्यावर काय गुजरलें तें सांगावयाचें आहे. आमच्या मुलानें 'हें मला खरें वाटत नाहीं' असें म्हटलें, तोही एक प्रश्नच होता. त्यावर आम्हीं नियम सांगितला. सांगावयास हवी होती ती हकीकत: आम्हांस हें कां खरें वाटतें; कोणत्या दिवशीं वाटेनासें झालें होतें; वडील गेले त्या रात्रीं काय झालें. हें आम्हीं त्याला कधींच सांगितलें नव्हतें. रीत होती, म्हणून सांगण्याची गरज पडली नव्हती.

तरुणांकडूनही कांहीं मागण्याचा हक्क बापास आहे, हें येथें नमूद करतों. घरांत प्रार्थना चालली असतां मोठ्यानें गाणीं लावूं नयेत, आजीच्या श्रद्धेची टिंगल करूं नये, नाताळाच्या दिवशीं घरीं असावें. ही शिष्टता झाली; ती मागतां येते आणि आमच्या मुलानें न मागतां दिली. श्रद्धा मागतां येत नाहीं. बापानें या दोहोंत गल्लत केली कीं, त्याला बहुधा दोन्ही मिळत नाहींत.

लूकाच्या शुभवर्तमानांतील उधळ्या पुत्राचा दृष्टांत ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसही परिचित असेल. त्यावर आम्हीं असंख्य प्रवचनें ऐकलीं. बहुतेक सगळीं मुलाच्या पश्चात्तापावर. आतां आमचें लक्ष बापाकडे जातें. मुलगा वांटा मागतो, तो देतो. मुलगा जातो, त्याला तो अडवीत नाहीं, मागें माणसें पाठवीत नाहीं. पण मुलगा अजून दूर असतांच तो त्याला दिसतो. म्हणजे त्याचे डोळे त्या वाटेवर असले पाहिजेत. नारायण वामन टिळकांच्या चरित्रांतही असेंच कांहीं दिसतें. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधलीं पांच वर्षें त्या बाईंच्या मनानें आपली वाट आपण कापली. टिळक स्वभावानें शीघ्रकोपी व उतावळे. तरी या एका बाबतींत त्यांना थांबावें लागलें, आणि थांबल्यामुळेंच लक्ष्मीबाईंची श्रद्धा ही त्यांच्या श्रद्धेची सावली झाली नाहीं. पुढें टिळकांनीं 'ख्रिस्तायन' हें महाकाव्य आरंभिलें. १९१९ सालीं ते वारले तेव्हां त्याचे थोडेच अध्याय झालेले होते. बाकीचा बहुतेक भाग लक्ष्मीबाईंनीं रचिला. त्याही गेल्यावर शेवटची भर त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनीं घातली. अपुरें काम पुढच्याच्या हातीं असें जातें, तेव्हां पुढच्यानें तें आपलें म्हणून उचललेलें असतें. टिळकांनीं मृत्युपत्रांत तशी अट घातली असती तर तें काव्य पुरें झालें असतें काय, याची आम्हांस शंका आहे.

आमच्या घरीं याहून साध्या गोष्टी घडतात. मुलगा अजून प्रार्थनेस बसत नाहीं. त्यानें कधीं बसावें याची मुदत आम्हीं मनांत धरलेली नाहीं, असें म्हणावयास आवडलें असतें. खरें सांगावयाचें तर दर नाताळास आम्ही ती नव्यानें धरतों. गेल्या महिन्यांत मातोश्रींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि वाचण्यास मनाई होती. रोज सकाळीं एक अध्याय वाचण्याचा त्यांचा साठ वर्षांचा नेम. आठ दिवस तो मुलानें त्यांना वाचून दाखविला. आम्ही पलीकडच्या खोलींत चहा घेत ऐकत होतों. तो वाचीत होता तें आजीला ऐकावयाचें होतें म्हणून; त्यावरून आम्ही दुसरें कोणतेंही अनुमान काढीत नाहीं.

त्याच सुमारास आम्हीं सायंकाळच्या प्रार्थनेंत एक भर घातली आहे. पूर्वजांची आठवण करतांना आम्ही पणजोबांचें नांव घेत असूं. आतां त्यांच्या वडिलांचीही आठवण करतों. त्यांचें नांव आम्हांस ठाऊक नाहीं. मुलगा दारांतून निघून गेल्यावर ते किती वेळ तेथें उभे राहिले असतील, याचा विचार मनांत येतो, आणि तेवढ्यापुरतें नांवाचें अडत नाहीं.